मधली खुर्ची

जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि चष्म्यांच्या काड्या
यांच्या मधे ते पालथं पडलं होतं.
उचललं तर हलकं. आत तबकडी नाही.
"नुसतं कव्हर आहे ताई, लोक फ्रेम करतात हल्ली,"
पोरगा म्हणाला. "पन्नास."

उलटं केलं. तीच बाई.
केशरी साडी, मानेवर उंच अंबाडा,
डाव्या कानात शिरणारा निळा बाण, उजव्यात लाल,
आणि कपाळाशी दोन्ही भेटून
सोनेरी फुटलेले.
खाली ठसठशीत अक्षरांत:
स्टिरिओ! आता ऐका दोन्ही कानांनी.
जणू तोवर अख्खं पुणं
एकाच कानानं ऐकत होतं.

माझे वडील ऐकत होते.
खडकीच्या कारखान्यात, दारूगोळ्याच्या चाचणीत
डावा कान गेला तेव्हा ते चोवीस वर्षांचे.
मग लष्करात, ईस्ट स्ट्रीटवर,
खुर्शेदजींच्या दुकानात
स्टिरिओ विकायला लागले.
कानाचं मालकांना सांगितलं नाही.
विचारलं कुणी?

मागच्या खोलीत जाड पडदे, दोन शिसवी पेट्या,
सहा फुटांवर वेताची एक खुर्ची,
तिच्या चारी पायांभोवती खडूच्या खुणा.
"इथंच बसायचं, साहेब. टीचभर सरकलात की मजा गेली."
रविवार पेठेतले भांड्यांचे व्यापारी बसायचे,
लॉ कॉलेज रोडचे डॉक्टर, सपत्नीक,
एक रिटायर्ड मेजर, ज्याला फक्त बॅगपाइप हवे असत
आणि जो कधीच काही विकत घेत नसे.

त्या डेमोत गाणं नव्हतंच.
टेबल टेनिसचा चेंडू, टक इकडे, टक तिकडे,
मग लाकडी जिना उतरणारे बूट,
मग आगगाडी.
गिऱ्हाइकाची मान वळायची गाडीबरोबर,
डावीकडून उजवीकडे, शेतातल्या पोरासारखी.
बाबांना चेंडू एकाच जागी उड्या मारताना ऐकू यायचा.
आगगाडी कुठूनच येत नसे,
नुसती मोठी व्हायची
आणि मग नसायची.

म्हणून एका सोमवारी, दुकान बंद असताना,
त्यांनी मला नेलं. मी नऊ वर्षांची,
पाय जमिनीला टेकत नव्हते.
"कुठाय?"
"डावीकडे."
"आता?"
"मधे. बाबा, माझ्या नाकावर आहे!"
ते हसले नाहीत. कव्हरच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहीत होते, घड्याळ बघत:
१४, डावी. २१, मध्य.
२२ ला 'अहाहा' म्हणणे.
पुढं सहा वर्षं ते बावीसला अहाहा म्हणाले.
विक्री उत्तम. एका दिवाळीत मालकांनी
त्यांच्या कानाची तारीफ केली, पेढे देऊन.

बाजारात उभ्यानं पाठ तपासली.
पेन्सिल नाही. छापील सूचना आहेत,
सुई बदला, ओला कपडा टाळा,
आणि कपाचं एक गोल डाग.
हे दुसऱ्याच कुणाचं होतं.
तरी घेतलं. चाळीसला.

आईला खुर्ची, खडू, काही लागत नसे.
लक्ष्मी रोडला, रिक्षात, पंगतीत,
न बोलता ती त्यांच्या उजव्या हाताला जायची.
ओळखीचे लोक म्हणत, काय जोडा आहे!
भांडण झालं की मात्र डावीकडे बसायची
आणि मनातलं सगळं बोलून घ्यायची,
भाजी निवडत, एका सुरात.
ते पेपर वाचत असत.

एकदा ती त्या बाजूनं बराच वेळ बोलली.
भांडण नव्हतं त्या दिवशी.
मी दोघांच्या मधे बसले होते, गृहपाठाची वही घेऊन.
मला सगळं ऐकू आलं.
ते मी कुठंही लिहून ठेवलेलं नाही.